मोरे अण्णांचा मॅनिफोल्ड

इंजिनाची ताकद वाढवायची आहे असं म्हणत कुणी मोरे अण्णांच्या शेडमध्ये आला, की अण्णांचा पहिला प्रश्न असायचा, "तिंडी झाली काय?" सकाळचं खाणं झालेलं नसेल तर वरच्या मजल्यावरून त्यांच्या बायकोच्या, राधाक्कांच्या हातच्या दोन इडल्या यायच्या आणि त्या संपेपर्यंत गाडीविषयी बोलायला बंदी असायची. उपाशी माणूस गाडीकडून फार अपेक्षा करतो, असं त्यांचं मत होतं. इडल्या झाल्या की एक लांबट वही आणि पेन्सिल पुढे यायची. काय पाहिजे ते एका ओळीत लिहा. बहुतेक लोक 'पिकअप' एवढाच शब्द लिहायचे. अण्णा विचारायचे, कुठं पाहिजे? कोणत्या गिअरला? गाडीत माणसं किती? मग ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "सरी, ठीक आहे. आता पाण्याला विचारू."

पाणी म्हणजे एका फळीवर बसवलेली पारदर्शक नळी. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, निम्मी भरलेली, आणि पाणी नीट दिसावं म्हणून त्यात कपड्यांना घालायची नीळ. नळीच्या एका टोकाला पितळी कॉक. ते टोक इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडायचं, फळी शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर द्यायची आणि रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल तळापर्यंत दाबायचं. इंजिन जोरात हवा ओढतं. वाट मोकळी असेल तर पाणी जागचं हलत नाही. वाट अडलेली असेल तर एका बाजूला वर चढतं. किती चढलं ते अण्णा बोटांनी मोजायचे. दोन बोटं असेल तर इंजिनाला हवा भरपूर मिळते आहे, गाडी घेऊन घरी जा. चार बोटं असेल तर फिल्टर साफ करा. वीतभर असेल तर बसून बोलू. हातभर असेल तर गाडी ठेवून जा. दहा वर्षांत हातभर पाणी चढलेलं मी दोनदाच पाहिलं. दोन बोटांवर परत गेलेले मात्र पुष्कळ. त्यातले काही रागावून गेले, कारण खर्च करायला आलेल्या माणसाला 'नको' ऐकायची सवय नसते.

अण्णा गेले त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांचं पूर्ण नाव दत्तोजीराव मोरे. त्यांचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, पण ती निम्मी कन्नडच्या चालीवर चालणारी. मी पुण्याहून नोकरीसाठी इथं आले, पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघते. अण्णा निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे यायचे. त्यांचा मूळ धंदा गाड्यांचा नव्हता. ते पॅटर्न करणारे होते, म्हणजे फाउंड्रीत धातू ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा घ्यायचा, तो लाकडी नमुना करणारे. पंपाचं कवच असो की गिअरबॉक्सचं झाकण, आधी ते अण्णांच्या हातून सागवानात जन्माला यायचं. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून ते म्हणाले, "अम्मा, तुमचं मराठी इस्त्री केलेलं आहे." त्यानंतर मी कायमची 'अम्मा' झाले. ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे होते, पण इथं त्याने काही बिघडत नाही.

बुटका, रुंद मनगटांचा माणूस. शर्टाच्या खिशात नेहमी दोन स्टीलच्या पट्ट्या. एक साधी आणि दुसरी आकुंचनाची. ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून या धंद्यातल्या लोकांकडे अशी पट्टी असते, जिचा सेंटिमीटर मुळातच जरासा मोठा असतो. दोन्ही पट्ट्या दिसायला अगदी सारख्या. अण्णांनी एकदा राधाक्कांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला दोन दारं केली. माप घेतलं साध्या पट्टीनं आणि लाकूड कापलं दुसऱ्या पट्टीनं. दारं बसेनात. एकावर एक चढली. अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, थांब स्वल्प, थंड झाली की आक्रसतील. राधाक्कांनी विचारलं, कोणत्या जन्मी? ती दारं शेवटपर्यंत तशीच एकमेकांवर चढलेली होती. अण्णांना ती रंधून बारीक करता आली असती, पण अक्का हात लावू देत नसत. पाहुणा आला की कपाट दाखवायला त्यांना हवं असायचं.

गाड्यांचा नाद त्यांना कसा लागला ते मी विचारलं होतं. उत्तर सरळ होतं. मॅनिफोल्ड, म्हणजे आत आलेली हवा इंजिनाच्या चार सिलिंडरांत वाटून देणारा चार फाट्यांचा नळा, हा पॅटर्न करायला सगळ्यात अवघड. बाहेरचा आकार सोपा. खरी करामत आतल्या पोकळीची, जी कुणाला कधी दिसत नाही. अण्णांनी तसे कितीतरी केले आणि करता करता हवा कशी वळते याचा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. बाजारात मात्र लोक भलत्याच गोष्टी करत होते. कुणी मॅनिफोल्ड आतून आरशासारखा घासून घेत होतं, कुणी हवेची झडप मोठी बसवत होतं, आणि सगळे सांगत होते की गाडी विमान झाली. "कान फसवतो," अण्णा म्हणायचे. "आवाज वाढला की माणसाला वाटतं वेग वाढला. म्हणून गाडीत मी कानाला विचारत नाही." त्यांच्याकडे स्टॉपवॉच होतं, निळं पाणी होतं आणि एक नियम होता: जुना भाग, नवा भाग, पुन्हा जुना भाग. नवा भाग बसवून सुधारणा दिसली तरी तो काढायचा, जुना बसवायचा आणि पुन्हा बघायचं. लोक वैतागायचे. झाली ना सुधारणा, मग परत कशाला? अण्णांना त्यावर वाद घालायचा नसे. ते पाना हातात घेऊन उभे राहायचे, बस.

रविवारी सकाळी फळी मांडीवर घ्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. काम सोपं आहे, पण एक गोष्ट विसरून चालत नाही. पेडल दाबलेलं असेपर्यंतच कॉक उघडा ठेवायचा. चालकाने पाय उचलला की झडप मिटते, इंजिनाची ओढ एकदम भयंकर वाढते आणि नळीतलं पाणी तिथं टिकत नाही. तिसऱ्याच रविवारी पुढचा टेम्पो न सांगता वळला, अण्णांनी पाय उचलला आणि माझा हात कॉकवर नव्हता. एका घोटात नळी रिकामी. गाडी दोनदा खोकली, मागून पांढरी वाफ निघाली. अण्णा गाडी कडेला घेऊन शांतपणे उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, परत येऊन खिडकीत वाकले. "अम्मा, काळजी नको. आंघोळ घातलीत तुम्ही. नीळ घालून." पाणी ओंजळभरच होतं, काही बिघडलं नाही. पुढच्या रविवारी मी सहा कलमांची यादी करून फळीच्या मागे चिकटवली. पाचवं कलम होतं: आधी कॉक, मग पाय. अण्णांनी ती वाचली आणि सगळ्यात वर पेन्सिलीने शून्य क्रमांक घालून लिहिलं: तिंडी.

निखिल आला तो या रविवारांपैकीच एका रविवारी. पुण्याचा मुलगा, संगणकाच्या कंपनीत नोकरी, तिशीही न गाठलेला. एक चकचकीत खोकं घेऊन आला. त्यात मोठ्या मापाची थ्रॉटल बॉडी होती, म्हणजे हवेच्या वाटेवरची ती झडप आणि तिचं घर. पेडल दाबलं की उघडते ती हीच.

"काका, हे बसवायचंय," निखिल म्हणाला. "सगळे म्हणतात दहा टक्के पॉवर वाढते."

"सगळे म्हणजे किती जण?" अण्णांनी विचारलं. "आणि त्यातले विकणारे किती?"

इडल्या झाल्या, वही झाली, पाणी निघालं. नळी झडपेच्या पलीकडे जोडली होती. पाणी वीतभर चढलं आणि वर दोन बोटं. निखिलचा चेहरा फुलला. बघा, म्हणजे जुनी झडप लहानच आहे. अण्णा म्हणाले, स्वल्प थांबा, आणि त्यांनी नळी झडपेच्या अलीकडे जोडली, म्हणजे हवा झडपेपर्यंत पोचायच्या आधीच किती अडते ते कळावं. पाणी पुन्हा वीतभर आणि वर एक बोट. फरक फार तर एका बोटाचा. याचा अर्थ मलाही तिथंच उमगला. झडप बिचारी निर्दोष होती, अडथळा तिच्या आधीच होता. फिल्टरचं खोकं उघडलं तर आत उंदराने अर्धं घर बांधून ठेवलेलं. सीटचा फोम, शेंगदाण्याची टरफलं, सुकी पानं.

निखिल म्हणाला, "पण मी टॉप मॉडेल घेतलंय."

"उंदरानंही बघूनच घेतलंय," अण्णा म्हणाले.

नवा फिल्टर बसवल्यावर पाणी तीन बोटांवर आलं आणि गाडी खरोखरच पळू लागली. निखिलची नजर मात्र खोक्यावरून हटेना. अण्णांनी ती थ्रॉटल बॉडीही बसवून दिली, कारण न बघता नाही म्हणणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. पायाचा नुसता स्पर्श झाला की गाडी उसळू लागली. निखिल खूष. पाणी एक बोट कमी झालं होतं, स्टॉपवॉच मात्र जिथल्या तिथं. अण्णांनी त्याला शेडमधल्या नळापाशी नेलं. नळ मोठा बसवला तर पहिल्याच वळशाला जास्त पाणी येतं, म्हणून वाटतं पाणी वाढलं. पूर्ण उघडला की येणार तेवढंच, कारण मागचा पाइप तोच. इंजिन मुळातून बदललं, ते जास्त हवा मागू लागलं, तर मोठी झडप लागेलच. पण तुमचं इंजिन मागत नाही, तुम्ही मागताय. निखिल हसून गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. सिग्नलच्या रांगेत गाडी दर वेळी उडी मारत होती, त्याच्या बायकोची मान दुखायला लागली होती. झडप उतरली. तो मात्र येतच राहिला, आणि 'काका'चा 'अण्णा' कधी झाला ते कळलं नाही.

एकदा निखिलनेच तो प्रश्न विचारला. "म्हणजे अण्णा, कंपनीने केलेलं नेहमी बरोबरच असतं का?"

अण्णांनी आतल्या फळीवरून पंच्यात गुंडाळलेली एक वस्तू आणली. चार फाट्यांचा सागवानी पॅटर्न. फाटे आखूड, वळणं अशी की बोट फिरवलं तर कुठं थांबायला जागा नाही. त्यांच्या स्वतःच्या लहान गाडीच्या इंजिनासाठी त्यांनी तो केला होता, तीन वर्षं खपून. निखिलच्या गाडीतही तेच इंजिन होतं.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर लाकूड कापलं," ते म्हणाले. "एक तरी आकार माझा पाहिजे. आणि तो खरा पाहिजे. नुसता माझा असून उपयोग नाही."

मग मला कळलं की इतक्या लोकांना 'नको' म्हणून परत पाठवणाऱ्या माणसाच्या मनात काय होतं. कंपनीच्या मॅनिफोल्डपेक्षा चांगला मॅनिफोल्ड होऊ शकतो, आणि तो आपण करू शकतो, हे एकदा तरी सिद्ध व्हावं. पण ते सिद्ध व्हायचं त्यांच्याच पाण्याने, त्यांच्याच घड्याळाने. दुसऱ्यांना लावलेली फूटपट्टी त्यांना स्वतःला लावायची होती. म्हणूनच बहुधा तो पॅटर्न इतके दिवस पंच्यात होता.

पीण्यातल्या एका ओळखीच्या फाउंड्रीत तो अल्युमिनियममध्ये ओतला गेला. पहिल्या ओतीवात पोकळ फोड निघाला, दुसरा चांगला आला. अण्णांनी तो आपल्या गाडीवर बसवला, आणि परीक्षेला बसवलं राधाक्कांना, त्यांना न सांगता. ती गाडी चालवायच्या मुख्यतः अक्काच. यशवंतपूरच्या घाऊक बाजाराला लागून राहणाऱ्या बाईला पाव किलो बीन्स हव्या असतील तर तिथं कोण देणार? तिथं पोत्याखाली बोलणं नाही. म्हणून अक्का एक दिवसाआड गाडी काढून मल्लेश्वरमच्या बाजारात जायच्या. येता-जाता चढ, सिग्नल, गर्दी, सगळं होतं. अण्णा आदल्या दिवशी कधी कंपनीचा मॅनिफोल्ड बसवायचे, कधी स्वतःचा. कोणत्या दिवशी कोणता, ते एका बंद पाकिटात माझ्याकडे. अक्का आल्यावर अण्णा सहज विचारायचे, आज कशी होती गाडी? आणि जे उत्तर मिळेल ते वहीत. आठ फेऱ्या झाल्या. पाकीट मी शेडमध्ये उघडलं.

चार दिवस अक्कांची काही तक्रार नव्हती. चार दिवस होती. 'आज आळसावलीय.' 'चढावर पहिला गिअर टाकावा लागला.' 'मागून बसवाला हॉर्न मारत होता.' 'हिला तुमच्यासारखंच सकाळी उठायला नको असतं.' चारही तक्रारी अण्णांच्या मॅनिफोल्डच्या दिवसांच्या.

कारण अण्णांना ठाऊक होतं, मला त्यांनी ते तिथंच समजावून दिलं. फाटे लांब असले तर इंजिन हळू फिरत असताना त्याला चांगली ओढ मिळते. आखूड असले तर इंजिन वेगाने फिरताना हवा मोकळी जाते, पण खालचा जोर जातो. अण्णांना वरचा मोकळा श्वास हवा होता, म्हणून त्यांनी फाटे आखूड केले. आणि बेंगळुरात वरचा श्वास घ्यायला रस्ता देतं कोण?

त्याच दुपारी त्यांनी अक्कांना खरं सांगितलं. अक्का भडकल्या. मॅनिफोल्डवरून नव्हे, न सांगितल्यावरून.

"मला सांगितलं असतं तर मी काय खोटं बोलले असते?"

"खोटं नसतीस बोलली," अण्णा म्हणाले. "माझ्या बाजूनं बोलली असतीस."

अक्का वर गेल्या. थोड्या वेळाने दोघांसाठी आणि माझ्यासाठी कॉफी आली, तेव्हा अण्णांच्या पेल्यात साखर होती, जी डॉक्टरांनी बंद केली होती.

महिनाभर मॅनिफोल्ड फळीवर पडून होता. मग निखिलने हट्ट धरला. तुमकूर रोडच्या बाजूला एक जुनी धावपट्टी होती, विमानांसाठी केव्हाच बंद झालेली. गाड्यांच्या शौकिनांचा एक क्लब काही रविवारी ती भाड्याने घ्यायचा. सरळ रस्ता, समोर कुणी नाही, इंजिन पूर्ण वेळ वरच्याच वेगात. माझी गाडी घ्या, तो म्हणाला, तुमच्या मॅनिफोल्डची जागा तीच आहे. अण्णा दोन आठवडे टाळत राहिले. पाऊस नव्हता, तब्येतीचं कारण नव्हतं. मी स्पष्टच विचारलं तेव्हा म्हणाले, "गावात हरला, त्याचं कारण होतं. तिथं हरला तर कारण उरणार नाही, अम्मा." शेवटी तयार झाले. अट एकच. जो निकाल येईल तो वहीत शाईने लिहायचा.

जानेवारीतली थंड सकाळ होती. आठ वाजता कंपनीच्या मॅनिफोल्डवर तीन फेऱ्या झाल्या. चालवायला निखिल, स्टॉपवॉच अण्णांकडे, कागद माझ्याकडे. मग बदलाबदलीला दीड तास लागला, कारण अण्णा एकही बोल्ट घाईत पिळू देत नव्हते. एव्हाना ऊन चढलं होतं. त्यांच्या मॅनिफोल्डवर तीन फेऱ्या झाल्या. मी सरासरी काढली. सकाळी अठरा पॉइंट चार सेकंद. आता अठरा पॉइंट चार.

अण्णांनी कागद घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. कंपनीच्या बरोबरीचा, म्हणजे वरच्या वेगातही चांगला नाही आणि खाली वाईट. सगळं मिळून हरलेला.

"सरी," ते म्हणाले. "सामान भरा."

निखिल आणि मी एकदमच बोलायला लागलो. सकाळी हवा थंड होती, जड होती, इंजिनाला ती जास्त मिळाली. आता पातळ झाली. तुलना बरोबर नाही, कंपनीचा पुन्हा बसवून उन्हात बघायला हवं. अण्णांनी पाने पुसायला घेतले. ते म्हणाले, हेच कारण दुसऱ्या कुणी दिलं असतं तर मी मनात हसलो असतो. हरलेला माणूस हवामानावर बोलतो. मला ते बोलायचं नाही. ते रागात नव्हते. घरी जाऊन जेवायचं आहे अशा आवाजात बोलत होते, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं.

राधाक्का सकाळपासून छत्रीच्या सावलीत बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. इथल्या थंडीतला तो ठरलेला उद्योग. एवढ्या वेळात त्यांनी गाडीकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. आता हात न थांबवता त्या म्हणाल्या, "गेल्या महिन्यात तो लाल गाडीवाला आला होता. त्याला तुम्ही तीनदा खालवर करायला लावलंत. जुना, नवा, परत जुना. बिचारा उपाशी गेला."

"इडली खाऊन गेला," अण्णा म्हणाले.

"दुपारचा उपाशी गेला. का लावलंत?"

"तो नियम आहे."

"मग आज गिऱ्हाईक कोण आहे?"

अण्णा पाना हातात धरून उभे राहिले. निखिल काहीतरी बोलणार होता, मी त्याला खुणेनं गप्प केलं. मग अण्णा वळले, बॉनेट उघडून त्यांनी हात पोळू नये म्हणून फडकं घेतलं आणि स्वतःचा मॅनिफोल्ड सोडवायला लागले. पुन्हा दीड तास. कुणी घाई केली नाही. अक्कांनी आणलेलं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आम्ही उभ्या उभ्याच खाल्लं, अण्णांनी खाल्लं नाही.

दुपारी ऊन डोक्यावर असताना कंपनीच्या मॅनिफोल्डवर पुन्हा तीन फेऱ्या झाल्या. पहिली फेरी संपली तेव्हा अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आकडा न सांगता ते मला दाखवलं. दुसरी, तिसरी. सरासरी अठरा पॉइंट सहा. सकाळी ज्याने पॉइंट चार दिलं होतं, त्याच नळ्याने उन्हात पॉइंट सहा दिलं. अण्णांच्या फेऱ्या तर त्याआधी, ऊन चढल्यावर झाल्या होत्या. मी अण्णांना म्हटलं, अजूनही एक खोट आहे, तुमच्या वेळी ऊन थोडं कमी होतं. ते म्हणाले, "आहे. म्हणून दोन दशांश धरू नका. एक धरा. एक आपला."

आपला. वही मांडीवर घेऊन त्यांनी माझं पेन मागितलं. मी खांद्यावरून वाचत होते. त्यांनी लिहिलं: मोरे मॅनिफोल्ड. इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर किंचित बरा. गावात नको. भाजीला अजिबात नको. खाली सही केली, आणि मग वही अक्कांकडे नेली. अक्कांनी हात पदराला पुसून ती वाचली. शेवटची ओळ वाचून त्या म्हणाल्या, "हे आधी लिहून विचारलं असतंत तर आठ फेऱ्या वाचल्या असत्या." पण वही त्यांनी लगेच परत दिली नाही.

निखिलला तो तिथंच पुन्हा बसवून हवा होता. तो मॅनिफोल्ड आता माझ्याच गाडीला शोभतो, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी विचारलं, घरी कोणत्या रस्त्याने जाणार? तुमकूर रोडने, निखिल म्हणाला. रविवारी संध्याकाळी, परतीच्या गर्दीत? मग नको, अण्णा म्हणाले. पुढच्या वेळी इथं याल तेव्हा इथं बसवू, इथंच काढू. त्यांनी तो उचलून स्वतः हातात घेतला.

त्यानंतर लगेच आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी पुण्याला गेले आणि तिथं तीन महिने राहिले. त्या अवधीत अण्णा गेले, झोपेत, अक्कांना शेजारी असूनही न कळता. निखिलने फोनवर सांगितलं. त्यामुळे माझ्याकडचं त्यांचं शेवटचं दृश्य त्या धावपट्टीच्या फाटकापाशीच आहे.

गाडी राधाक्का चालवत होत्या. अण्णा शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, मांडीवर मॅनिफोल्ड, दोन्ही हात त्याच्यावर. फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती. काच खाली होती. अण्णा अक्कांना काहीतरी समजावून सांगत होते, बहुधा फाट्यांच्या लांबीबद्दल, कारण मधेच त्यांनी हवेत एक वळण काढून दाखवलं. अक्का समोर बघत मान हलवत होत्या, ऐकत होत्या की नाही ते सांगता येणार नाही. रांग सरकली. अण्णांना मी दिसले. त्यांनी निरोपाचा एक हात वर केला, तेवढ्यात पुढचं चाक गतिरोधकावर चढलं आणि तो हात घाईघाईने परत मांडीवरच्या नळ्यावर गेला.